बेल. बंद करू नये

गिमलीत फेब्रुवारी म्हणजे उणे चौतीस,
आणि आईच्या दारावरच्या कॅमेऱ्यात दोन बॅटऱ्या.
खोक्यावर लिहिलं होतं, दोन वर्षं चालतील.
चालल्या पाच आठवडे.
मग इकडे रिजायनात माझ्या फोनवर लाल खूण,
मग माझा फोन, मग आई स्टुलावर,
एक्क्याऐंशी वर्षांची, हातमोजा दातात धरून.
जानेवारीत स्टूल सरकलं.
शेजारच्या ओरेस्टनं उठवलं. हाड मोडलं नाही.
"मोडलं असतं तर तू काय करणार होतीस
सहाशे किलोमीटरवरून?"

म्हणून मी कन्व्हर्टर घेऊन आले.
बॅटऱ्यांच्याच मापाच्या दोन नळ्या,
पोकळ, शेपटाला वायर.
बॅटरीचं सोंग घेऊन बॅटरीच्या जागी बसायचं
आणि वीज आणायची भिंतीतून.

भिंतीत ती होतीच.
चौकटीचा रंग खरवडला: पांढरा, हिरवा,
मग तो निळा, होडीला लावून उरलेला,
आणि त्याखाली एकमेकींना पीळ घालून बसलेल्या
दोन वायरी, टोकांना काळी टेप.
त्यांचा माग काढत तळघरात गेले.
बीटच्या बरण्या, बर्फाखाली सोडायची जाळी,
त्यामागे तुळईला मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर.
वर चिकटपट्टी, तिच्यावर बाबांची पेन्सिल:
बेल. बंद करू नये.

हात लावला.
कोमट होता.

ती बेल तर मी शाळेत असतानाच बिघडली.
बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
आणि हा इथे अंधारात बारीक गुणगुणत,
कुणी मागत नसताना सोळा व्होल्ट धरून उभा.
धावत वर गेले. गळा भरून आला होता.
आई बीट सोलत होती, कोपरापर्यंत लाल.
"ठाऊक आहे," म्हणाली. "बिल कोण भरतंय?"

मेन स्विच पाडला, वायरी जोडल्या, मेन स्विच चढवला.
पुढेमागे हेलकावे खाणारी वीज
त्या डबीत शिरली आणि एका वाटेनं चालू लागली.
दिवा लागला. निळा.
आई कॅमेऱ्यात वाकून बघत राहिली,
तिचं नाक पडदाभर.
"म्हणजे आता बॅटरी संपणार नाही?"
"नाही."
"कधीच?"
"नाही गं."
"बरं," म्हणाली, आणि सुरी धुवायला घेतली.
"मग आता फोन कशाच्या निमित्तानं करशील?"
मी स्क्रू मोजत होते. एक कमी होता.

परवा पहाटे पावणेसहाला फोन वाजला.
गिमलीच्या दारावर कुणीतरी.
बर्फावर कोल्ह्याची पावलं, पायरीपर्यंत येऊन परतलेली,
आणि दिव्याखाली बाबांचा कोट घातलेली गुडनी थॉरवाल्डसन,
आपल्याच घराची बेल दाबत.
"मी आहे," ती म्हणाली.
"स्क्रू सापडला. बुटात होता."