दुधाच्या हिशेबाशेजारी

वकीलबाई म्हणाल्या, अन्याय झाला असं लिहू नका,
तो शब्द साहेब रोज ऐकतात.
तारीख लिहा.

तारखा कुठून आणू, बाई?
माझ्याकडे आखाजीचा आदला दिवस आहे,
हर्षलला मी चार नंबरचा लूम दाखवला तो:
ताणा कुठे तुटतो, पट्टी ओल्या हाताने का धरू नये,
आवाज बदलला की आधी बटण, मग विचार.
आणि कानबाईच्या रोटांनंतरचा सोमवार आहे.
त्या दिवशी त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'ऑपरेटर' छापून आलं,
माझ्या चिठ्ठीवर, नवव्या वर्षीही, 'मदतनीस'.
कुणाची मदत, ते छापायला जागा नव्हती.

एमआयडीसीतल्या चटया तुम्ही पाहिल्या असतील,
हिरव्या-लाल, मोराच्या.
त्यातले निम्मे मोर माझे आहेत
हे कोर्टात कसं सांगतात?

वकीलबाई पिंजारी, तिसऱ्या मजल्यावर बसतात. लिफ्ट बंद.
चढता चढता मी वाक्यं जुळवते,
वर पोचेपर्यंत फक्त दम उरतो.
त्या पाणी देतात आणि समोरच्या पार्टीच्या वकील होतात.
"हर्षल बारावी आहे. तुम्ही?"
सातवी.
"मग?"
मग लूमला विचारा.
"असं तिथे बोलायचं नाही."
मग काय बोलू?
"म्हणा, या कामाला कंपनीने शिक्षणाची अट कधीच घातली नव्हती."
घरी भाकरी थापताना मी ते वाक्य घोकते.
लांब आहे. माझा राग त्यात मावत नाही,
कडेने पीठ सांडतं तसा सांडतो.

साक्षीदार म्हणून गेटवरचे सुपडूदादा होते.
रोज सकाळी मला लूमकडे जाताना पाहणारे.
त्यांची रिटायरमेंट दोन वर्षांवर.
चहा पाजला, बिस्किटं पुढे केली, मग म्हणाले,
"बहीन, मन्हं नाव नको टाकू."
पॅकिंगमधल्या अलकाने फोन उचलणं बंद केलं.
मला तिचा राग नाही.
हे वाक्य मी खोडते, शपथेवर टिकायचं नाही.

मग एका रात्री, झोप नाही म्हणून,
मांडणी आवरायला काढली.
डब्यांखाली अंथरलेली जुनी कॅलेंडरं,
एकेका वर्षाची, घडी घातलेली.
दुधाचा हिशेब: दीड, दीड, खाडा, दीड.
आणि शेजारी, बारीक पेन्सिलने, माझंच अक्षर:
४ – २८०. ४ – ३१२. ४ – बंद, मोटर.
लूमचा नंबर, विणलेले मीटर.
का लिहायचे मी?
एकदा शिफ्टला चाळीस मीटर कमी धरले होते, तेव्हापासून.
भांडले नव्हते. घरी येऊन लिहिलं होतं.
पुढे सवयच लागली, आणि सवय विसरून गेले.

वकीलबाईंनी पानं उजेडात धरली.
सप्टेंबरवर तेलाच्या डब्याचं गोल,
सगळ्याला कळण्याच्या पिठाचा वास.
मी पदराने पुसायला गेले तर माझा हात धरला.
"पुसू नका. दूध कुणी कोर्टासाठी लिहीत नाही."
पहिल्यांदाच हसल्या. दात किंचित पुढे आहेत त्यांचे.
मग लगेच गंभीर:
एवढ्याने होईलच असं नाही,
कंपनीकडून उत्पादनाचं रजिस्टर मागवू,
ते म्हणतील भिजलं.
म्हणू देत, मी म्हटलं. माझं तेलकट झालंय, भिजलेलं नाही.

आज फाइल लावतेय.
पानांवर नंबर घालायचे, प्रत्येकीवर सही.
प्रमिला तायडे, प्रमिला तायडे,
पगाराच्या रजिस्टरवरही इतकं लिहिलं नव्हतं स्वतःला.
पंच आणायला विसरले होते.
पण प्रत्येक पानाला वर खिळ्याचं भोक आहे.
फाइलची दोरी तिथूनच ओवली.

पहाटे दूधवाला विचारत होता,
ताई, यंदा लिहिता ना?
लिहिते, दीड.
नोटीस गेल्यापासून मला लूमवरून काढलंय.
शेजारी लिहिते: झाडू. झाडू. संडास. झाडू.
तारीख वर छापलेलीच असते.