शेवटची ट्राम गेल्यावर

बारा चाळीसला शेवटची ट्राम डेपोत जाते.
तोवर आम्ही काही बघत नाही.
रूळ दोनशे मीटर लांब आहेत, भिंत जाड आहे,
तरी ट्राम वळली की पडद्यावर अणूंच्या रांगा
विहिरीतल्या सावलीसारख्या हलतात.
तिमोतेउश थर्मासमधला चहा ओततो.
मी हीटर बंद करते, पंखा बंद करते,
त्याला म्हणते, खुर्ची सरकवू नकोस.
वूच शहर झोपतं,
मग मशीन जागं होतं.

नमुना: गॅलियम, इंडियम, नायट्रोजन.
निळ्या दिव्याच्या पोटातला थर,
घासून घासून इतका विरळ केलेला
की इलेक्ट्रॉनचा झोत त्यातून आरपार जातो,
जुन्या धोतरातून ऊन जावं तसा.
इंडियम अंगानं दांडगा.
गॅलियमच्या जागेवर बसवला
की शेजाऱ्यांना त्याचं कोपर लागतं.
काही थर सोसतात.
मग कुठेतरी एक रांग
अर्ध्यातच संपते.
एवढाच दोष.

तो मोजायची रीत सोपी आहे.
एका अणूपासून निघायचं.
वीस पावलं उजवीकडे, वीस खाली,
वीस डावीकडे, वीस वर.
धड स्फटिकात तुम्ही आपल्या दाराशी परत येता.
इथे येत नाही.
एक पाऊल उरतं.
त्या उरलेल्या पावलाचा आम्ही बाण काढतो
आणि वहीत तारीख घालतो.

आई कापडगिरणीत होती, याच शहरात.
विणायला नव्हती, तपासायला.
काचेचं टेबल, खालून दिवा,
वरून सरकणारं कापड, आठ तास.
तुटका ताणा, सुटलेला बाणा, गाठ.
दिसलं की लाल खडूची रेघ.
रेघ ओढली की कुणाच्या तरी पगारात कपात,
म्हणून जेवणाच्या सुट्टीत
बायका तिच्या बाकावर बसत नसत.
हे तिनं कधी सांगितलं नाही. युस्तिना मावशीनं सांगितलं,
तेही गिरणी बंद होऊन
तिथे सिनेमा थिएटर झाल्यावर.

मागच्या महिन्यात आम्हाला इंडियमचे पुंजके दिसले.
दाट, काळपट, जिथे नसावेत तिथे.
तिमोतेउशनं ते चित्र आजीलासुद्धा पाठवलं.
तिनं विचारलं, हे मनुके आहेत का?
सहा पानं लिहून झाली होती.

आज मी झोत मंद केला,
देवघरातली वात सारावी इतका,
आणि पहिलं चित्र घेतलं.
पुंजके नाहीत.
दोन मिनिटं तसंच बघत राहिलो. नाहीत.
मग झोत नेहमीइतका केला.
तिसऱ्या मिनिटाला एक उगवला,
पाचव्याला तीन.

तिमोतेउशनं चहाचं झाकण
पुन्हा पुन्हा लावलं, काढलं.
म्हणाला, म्हणजे हे आपण केलं?
मी म्हटलं, बघण्यानं केलं.
तो म्हणाला, बघत तर आपणच होतो.

आईनं एकदा एक गाठ नखानं उचलून पाहिली,
नीट दिसावी म्हणून.
कापड वीतभर उसवलं.
तिनं लाल रेघ ओढली खरी,
पण खाली विणकरणीचा नंबर लिहिला नाही.
स्वतःचा लिहिला.
पगाराचं ते पाकीट अजून माझ्याकडे आहे,
त्यातले कापलेले झ्लॉटी सोडून.

सहा पानं खोडायला वेळ लागत नाही.
वेळ लागला तो पहिल्या चित्राशी परत जायला,
मंद, दाणेदार, जेमतेम दिसणाऱ्या,
आणि पुन्हा मोजायला:
वीस उजवीकडे, वीस खाली...

पाऊल उरतंच.
ती अर्धी रांग आमच्या आधीची होती.
तिमोतेउशला हायसं वाटलं. मलाही,
दुसऱ्याच्या कापडात दोष सापडल्यावर
एवढं हायसं वाटू नये, तरी.

चार वीसला पहिली ट्राम वळली.
अणू हलले, सगळेच,
त्या अर्ध्या रांगेसकट.
आम्ही पडदा बंद केला नाही.