पाच ते सातच्या मध्ये

नोव्हेंबरात इद्वालने गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली
आणि तिथे त्याचे हात संपले.
असं तोच म्हणाला, काउंटरवर, महिन्याच्या गोळ्या घेताना:
थरथर कसली ते तुला ठाऊकच आहे,
पाना धरता येणारं कोणी माहीत आहे का?
त्रेगारॉनमध्ये अशा कामाला माणसं मिळत नाहीत असं नाही.
पण त्याने फार्मासिस्टला विचारलं, आणि मी हो म्हणाले.

एकाहत्तर सालची लँडरोव्हर. रंग कधीकाळी हिरवा असावा.
पुढच्या चाकाच्या मागे क्रोमचा एक गोळा असतो, नारळाएवढा;
चाकाचं वळणं सगळं त्याच्यावर.
आमच्या डाव्या गोळ्याला देवी येऊन गेल्या होत्या.
बूच काढलं तर तेलाच्या जागी
गारढोण दुधाळ चहा, अर्धा मग.
"बारा वर्षांचा पाऊस," इद्वाल म्हणाला
उलट्या बादलीवरून, तळहात मांड्यांखाली दाबून.

तो सांगायचा, मी करायचे.
चार बोल्ट सुटले. पाचवा तुटला.
सहाव्याला तीन रविवार लागले:
आच, तेल, शिवी, पुन्हा आच.
तो वेल्शमध्ये द्यायचा, मी मराठीत.
बोल्टाला दोन्हींतलं काही कळत नव्हतं.

माझ्या नावातला ध त्याला जमतो.
त्यांच्यात दोन डी लिहितात म्हणे, साधारण तसाच उच्चार.
वसुधा, आता हातोडी. हळू.
बेअरिंग आहे ते, बैल नाही.

एकदा मी त्याला सांगितलं, आमच्याकडे याला आस म्हणतात.
दुसरा अर्थ सांगितला नाही.

नेस्टाने जॅमच्या बरण्या दिल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी:
डावं वरचं, डावं खालचं, हे पुन्हा वापरायचं नाही.
एकीवर नुसतंच: हे कशाचं?

नवा गोळा इतका चकचकीत
की त्यात शेडचा पत्रा दिसायचा, आणि माझं नाक.
वरच्या खुंटीच्या बुडाशी पातळ चकत्या बसतात, शिम,
कांद्याच्या पापुद्र्यासारख्या.
जास्त झाल्या तर सांधा सैल, कमी झाल्या तर आखडतो.
किती, ते पुस्तक सांगत नाही.
पुस्तक म्हणतं: दांड्याला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढा,
पाच ते सात किलोला वळला पाहिजे.

तसला काटा कोणाकडेच नव्हता.
मग मला माझा आठवला, बॅगा तोलायचा,
तेवीसवर नेलपॉलिशची लाल खूण असलेला.
चार वर्षं मोज्यांच्या खणात होता.

पहिल्यांदा तीन भरले. एक चकती काढली: नऊ.
त्याहून पातळ घातली: आठ.
दिवसभर गोळ्या मोजणाऱ्या बाईला
एक पापुद्रा मोजता येईना.
साडेतीनला अंधारून आलं. नेस्टाने बाहेरचा दिवा लावला.
आणखी एक बदलली.
तेव्हा इद्वाल बादलीवरून उठला.
आण इकडे, म्हणाला.

त्याने ओढलं. सांधा वळला.
सुई नाचत होती: पाच, साडेसहा, पाच, सात, सहा.
मी तिच्याकडे बघत होते, त्याच्या मनगटाकडे नाही.
"मध्ये आहे," तो म्हणाला.
पुस्तकाने तेवढंच मागितलं होतं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी दोन्ही चाकं बसली,
अजून अधांतरी.
तो उजवीकडे उभा राहिला, मी डावीकडे,
मध्ये बॉनेट; एकमेकांची फक्त टोपी दिसत होती.
त्याने त्याच्या बाजूचं चाक पुढे ढकललं.
माझं मागे फिरलं, आपोआप,
नव्या तेलाचा बारीक, ओला आवाज करत.
थरथर अर्ध्या वाटेत कुठेतरी, दातांच्या फटींत, मुरली असावी.
माझ्यापर्यंत आलं ते नुसतं फिरणं.

मी हाताने थांबवलं, आणि परत पाठवलं.

प्रॉपशाफ्ट उद्या.
'हे कशाचं?' बरणीत अजून एक वॉशर आहे.