व्यत्यय

बावीस वर्षं मी तिचा शब्द न् शब्द टिपला.
पहिली नऊ सोपी गेली :
कलम, वर्षं, पुढचा.
केंटकीच्या डोंगरांत कोळसा संपला, गोळ्या आल्या,
न्यायाधीश डेल्फा प्रॅटर मान वर करत नसे.

मग ओरी स्टिडहॅम सुटला, आणि आठव्या दिवशी
पेट्रोल पंपाच्या संडासात सापडला. थंड.
त्याची आई कोर्टात आली. ओरडली नाही.
"चेहरा तरी आठवतो का त्याचा?"
डेल्फा म्हणाली, नाही.
तेवढं मी टिपलं नाही.

त्यानंतर दर गुरुवारी, दुपारी दीडला,
ती उंच खुर्ची सोडून खाली टेबलाशी बसू लागली.
लघवीची बाटली, दाताचा डॉक्टर, चुकलेली बस,
"किती दिवस?"
"एकेचाळीस."
की टाळ्या. आधी एकटीच्याच,
ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तशा;
मग बेलिफच्या, नाइलाजाने; मग बाकांच्या.

सगळे तगले नाहीत.
खोटं बोललं की तीन दिवस कोठडी,
तीही नावानं हाक मारून.
एका निवडणुकीत चौऱ्याण्णव मतांनी वाचली,
फलकांवर 'गर्दुल्ल्यांची मावशी'.
एक फलक तिनं गॅरेजात जपून ठेवलाय.

काल निवृत्त झाली. खण उपसताना
अंत्यविधीची कार्डं निघाली, रबरात बांधलेली,
सगळ्यात वर ओरी.
"हा आता पाठ आहे," एवढंच.

माझ्या यंत्रात टाळ्यांना खूण नाही.
नियमानं तिथे 'व्यत्यय' लिहायचं.
आज जुने कागद चाळतेय :
तेरा वर्षं, पानोपानी,
व्यत्यय, व्यत्यय,
एकेचाळीस दिवस, व्यत्यय.