अर्धा फेरा मागे

नायनांच्या डाव्या डोळ्यावर हिरवं फडकं.
डॉक्टर म्हणाले, आठ दिवस पाणी लागू द्यायचं नाही.
म्हणजे आठ दिवस दाढी माझ्याकडे.
आणि दाढीच्या आधी, हे म्हणाले, रेझर खोल.

मला वाटलं होतं, नळाखाली धरला की झालं.
ते हसले, जॉबर हसतो तसे,
नवीन पोरगा मागाला तेल कुठं घालायचं
असं विचारतो तेव्हा.

साखर पेठ, मागची खोली, दुपारचे तीन.
पंखा तीच हवा परत परत वाटतोय.
भिंतीपलीकडे गड्डमांचे चार माग
खटाखट, खटाखट.
रेझरचे तीन तुकडे झाले: टोपी, पट्टी, दांडा.
मी ते अम्माच्या विडीच्या सुपात मांडले,
अजून तंबाखूचा वास येतो त्या सुपाला.

चौथ्या दिवशी येतं आमच्याकडे पाणी.
मधले तीन दिवस बोअर.
त्या बोअरचा पांढरा खर
दांड्याच्या आट्यांत साबणाशी संसार करून बसलेला.
मी नख लावलं.
"नखानं नको," ते म्हणाले. बघत नव्हते.
अर्धं लिंबू, कोमट पाणी.
"पण तिथंच विसरू नको, मुलामा जातो."
केस वाकलेला दातांचा ब्रश.
"मेल्लगा, मेल्लगा."
हळू या शब्दाला आमच्या घरात
कायम तेलुगूच आवाज होता.

टोपीच्या आतून सुताचा एक कण निघाला.
जांभळा.
अकरा वर्षं झाली ह्यांनी माग सोडून,
मी मनात लगेच कविता सुरू केली:
थकलेला कारखाना, चादरीवरचा मोर,
लोखंडानं जपलेलं सूत.
"नायना, सूत निघालं."
"शक्य नाही," ते चिडले.
"दर रविवारी धुतो मी. असेल तर तूच आणलंस."
मी माझ्या ओढणीकडे पाहिलं.
जांभळी.

पातं पुसायचं नाही, झटकायचं.
पुसलं की धार फडक्यात जाते, नाहीतर बोटात.
जुनं पातं डब्यात.
शेंगाचटणीचा डबा, झाकणाला फट पाडलेली,
वर त्यांच्या हातानं, तीन लिप्यांत लिहिलेलं:
आत पाती आहेत, हात घालू नये.
मराठी, तेलुगू, कन्नड.
घंटागाडीवरची बाई कुठली असेल, सांगता येतं का.

मग फेस. मग गाल.
पहिल्याच ओढीला त्यांनी बोट वर केलं.
"कोन चुकला. ऐक ना,
पातं खरवडतंय. बरोबर लागलं की
शेंगेचं टरफल चिरडल्यासारखा
बारीक आवाज येतो."
मी मनगट उचललं, थोडं पाडलं,
परत उचललं.
आणि आला. खरंच आला.
माझ्या नोकरीत कोणी असं ऐकत नाही.
तिथं सगळं पडद्यावर बघायचं असतं.

हनुवटीपाशी आलो होतो
तोच भिंतीपलीकडचा एक माग थांबला.
तीन उरले. मला कळलंही नसतं.
"धोटा अडकला," नायना म्हणाले
आणि अर्ध्या फेसासकट उठायला लागले.
मी खांदा धरला.
केवढासा राहिलाय तो खांदा.
"गड्डम बघतील."
"गड्डमचा पोरगा आहे आज. त्याला जमत नाही."
तरी बसले.
चौथा माग सुरू होईपर्यंत
आम्ही दोघंही दाढीचं विसरून
भिंतीकडे कान लावून होतो.

कानाच्या खाली एक पट्टा राहिलाच.
हात उलटा फिरवून त्यांनी शोधला,
काही बोलले नाहीत. उद्या आहेच.

परत धुतला, झटकला,
आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.
जुळवून घट्ट कसला, दाखवण्यासाठी जरा जास्तच,
आणि कोनाड्यात ठेवायला निघाले.
"थांब. अर्धा फेरा मागे."
"पडेल की."
"पडत नाही. रात्रभर ताणून ठेवायचं नसतं.
मागाचं पण ताण सैल करूनच आम्ही घरी यायचो."

मी फिरवला.
टोपी जराशी हलली
आणि आत अडकलेला पाण्याचा एक थेंब
दांड्यावरून खाली आला.