माप

चिल्वा सरोवर आटलं त्या वर्षी
होड्या चिखलात रुतल्या,
चिखल वाळला, भेगाळला, होड्या तशाच,
जणू कुणी जेवता जेवता उठून गेलं.
मासळी नाही म्हणून साबण नाही,
साबण नाही तर निळा गणवेश धुवायचा कशानं,
अशा एकेका 'नाही'नं मवाजुमाची आठवी सुटली.
मी सोडवली, असं म्हणा. खोटं कशाला बोलू.

थोरली लुकिया त्याआधीच उजवली होती, पंधराव्या वर्षी.
जावई सायकल घेऊन आमच्यात राहायला आला,
सायकल घेऊनच गेला.
पोर राहिलं.

पाणी परतलं, तशी नामालोम्बा बाई आली.
दर शनिवारी पिठाच्या गिरणीमागे, आंब्याखाली,
शाळा सुटलेल्या पोरी गोळा करायची.
म्हटलं, काय शिकवतेस गं?
म्हणाली, नाही म्हणायला.
मी हसले. त्याला बाई कशाला हवी?
माझ्या घरात त्या एका शब्दाची रास पडलीय.
"ते तुम्हाला ऐकावं लागलेलं," ती म्हणाली,
आणि खडू शोधायला लागली.

मग मवाजुमा शेळीला नाही म्हणू लागली,
बेंबीच्या देठापासून.
हापशावर घुसणाऱ्या पोराला म्हणाली.
मला म्हणाली.
मी हात उगारला, आणि मग
छपरातली काटकी काढल्यासारखं केलं.

कापडाच्या घड्या शिवायलाही शिकली, त्या दिवसांसाठी.
उन्हात वाळवायच्या म्हणे, चटईखाली नाही.
ताटीवर माझी मातेम्बा मासळी,
शेजारी तिच्या चार घड्या,
सगळ्या किनाऱ्यानं पाहिलं.
कुणी मेलं नाही.

चिपेता व्यापारी झोम्ब्याहून येतो,
स्वतःची बादली घेऊन.
वीस कपांची बादली, वीस कपांचे पैसे.
मवाजुमानं त्याच्यादेखत तिच्यात कपाकपानं पाणी ओतलं.
एकवीस.
बावीस.
तेवीस.
बूड बाहेरून ठोकून फुगवलेलं.
मापात पाप, ते मला ठाऊक होतं बरं का,
बारा वर्षं हाताला जड लागत होतं.
पण जड लागणं वेगळं
आणि तेवीस म्हणणं वेगळं.

चिपेता हसला. "हिला लवकर उजवा,
अशा पोरी नासतात," म्हणाला,
पाणी माझ्या अंगणात ओतलं
आणि तीन आठवडे फिरकला नाही.
मासळीत किडे झाले.
तेव्हा मी पोरीला जे बोलले
ते इथे सांगत नाही.

चौथ्या आठवड्यात आम्ही दोघी टोपल्या घेऊन बाजाराला गेलो.
पाय सुजले. निम्मी विकली.
हिशोब तिनं वहीत मांडला,
वहीच्या मागच्या पानावर जुने भागाकार होते, अर्धे.
सोमवारी ती आठवीत जाऊन बसली,
दोन वर्षांनी लहान पोरींत, गुडघे बाकाला टेकत.
गणवेश तोच, खाली वीतभर कापड जोडलेलं,
तेही निळं, पण दुसरं निळं.

काल शनिवार. मका दळायला गेले
तर लुकिया गिरणीच्या भिंतीशी उभी,
पाठीला चितेंज्यात पोर,
आंब्याची सावली संपते तिथे.
पोर कुरकुरलं की चार पावलं मागे,
निजलं की तीन पुढे.
आतल्या पोरी बसची वेळ वाचत होत्या, चुकत होत्या, हसत होत्या.
लुकियाचे ओठ हलत होते.

मी टोपली रांगेत ठेवली.
जाऊन तिच्या छातीवरची गाठ सोडली.
तिनं वळून पाहिलं नाही, मीही बोलले नाही.
पोर माझ्या पाठीवर आलं,
कापडाला अजून तिच्या अंगाची ऊब.

गिरणीवाल्यानं हाक मारली, तुझा नंबर.
मागच्या बाईला म्हटलं,
नाही, तू हो पुढे.