हिरवी तार

सेऊ आवेलीनो अंघोळीला रबरी चपला घालून जातो.
नळ बंद करायचा तर हाताला टॉवेल गुंडाळून.
"गुदगुल्या होतात," म्हणतो, "बावीस वर्षं झाली.
सवय आहे."
माझ्या धंद्यात हा शब्द मी फार ऐकते.

जियामांचिनात जुलैची पहाट बोचरी,
धुकं डोंगरावरून दगडी गल्लीत उतरतं,
आणि घरोघर शॉवरच्या तोंडातच कॉइल:
पाणी पडता पडता तापतं.
पाणी आणि वीज, एका प्लास्टिकच्या टोपीखाली.
परगावचे पाहुणे बघून दचकतात.
दचकायचं काही नाही. मोजायचं मात्र असतं.

मेन बंद केला, कुलूप घातलं, किल्ली खिशात.
टेस्टर आधी शेजारच्या चालू तारेवर,
मग इथल्या तारांवर, मग पुन्हा चालू तारेवर;
कारण मुका झालेला टेस्टरही
"वीज नाही" असंच सांगतो.
हे बाबांनी शिकवलेलं.

बोर्डात ब्रेकर पन्नासचा.
"पहिला सारखा पडायचा, मग पुतण्याने मोठा बसवला."
म्हणजे भुंकतो म्हणून कुत्रा हाकलला
आणि बहिरा आणून बांधला.
साडेपाच हजार वॉट भागिले दोनशे वीस व्होल्ट,
पंचवीस अँपिअर, शाळकरी हिशेब.
तार अडीचची.
भिंतीतून ओढली तर तिचं कातडं
करपलेल्या दुधाच्या रंगाचं, बोटांत चुरा होणारं.
ब्रेकर तारेला वाचवतो, सेऊ आवेलीनो.
माणसाला वाचवायला त्याला वेळ नसतो.

मग शॉवरची टोपी उघडली.
दोन तारा घट्ट.
तिसरी, हिरवी, कापलेली,
स्वतःवरच दोनदा दुमडलेली, काळी कापडी टेप,
आणि शेवटी एक गाठ. डावखुरी.

ती गाठ मी गळाच्या दोरीला पाहिलीय,
राजम्याच्या पोत्याला, माझ्या शाळेच्या बुटांना.

त्या काळी सगळेच कापत.
तिसरी तार नसली तरी पाणी तापतं ना?
तापतं. तोच तर घात आहे.
ती वर्षानुवर्षं काहीच करत नाही,
नुसती उभी असते.

विजेच्या मनात काही नसतं.
सेकंदाला साठ हेलकावे घेत ती येते आणि परत जाते,
आणि परतीला मिळतील तेवढ्या वाटा धरते:
नळ, ओली फरशी, ओला माणूस.
आमच्याकडे त्या हिरव्या तारेचं नावच 'माती'.
ती नीट जोडलेली असली
तर माणसाच्या वाट्याला फारसं उरत नाही.

"कोणी केलं हे?" त्याने खालून विचारलं.
"जुनं काम आहे," मी म्हटलं.
"तेव्हा इथे वाल्दोमिरोच यायचा, तुझा..."
आणि तो कॉफी बघायला आत गेला.
बराच वेळ बाहेर आला नाही.

नवी तार सहाची. ब्रेकर बत्तीसचा.
बंद नळीतली कॉइल, उघडी नाही.
आणि एक छोटा कारकून बोर्डात:
गेलेली किती, आलेली किती, दिवसभर एवढंच बघतो.
तीस मिलिअँपिअरची तूट दिसली
की कारण न विचारता दुकान बंद.
त्याच्या पोटावर बटण आहे.
महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्साला निघण्याआधी, दाबायचं.
पडला तर जिवंत आहे.
नाही पडला तर मला फोन, आणि तोवर अंघोळ बादलीने.

परसात, जाबुतिकाबाच्या झाडापाशी,
तांब्याचा मुलामा दिलेला जुना गज
अर्धा उघडा पडला होता, गंजलेल्या क्लॅम्पसकट.
शेजारी नवा ठोकला, अडीच मीटर.
पहिला हात सैल गेला, मग मुरूम लागला,
हातोडी उलटून खांद्यापर्यंत यायची.
लाल माती. अशीच होती दोन वर्षांमागे,
मी मूठभर टाकली तेव्हा,
लाकडावर आवाज झाला होता.

बाबा, मी तुमचं काम दुरुस्त केलं.
पैसे घेतले. तुम्हीही घेतले असतील.

संध्याकाळी फोन: "गुदगुल्या गेल्या, झुरेमा."
"आणि चपला?"
"चपला घातल्या होत्या."
असू देत. ओल्या फरशीवर घसरत नाहीत.

गाठ मी सोडवली नाही.
तिच्यामागे चार बोटं ठेवून कापून घेतली.
हत्यारांच्या पेटीत आहे, टेस्टरच्या शेजारी.